मावळात ट्रॅक्टर शोधायला

लोणावळ्याला लोक हवा खायला जातात. मी आणि माझी वहिनी तिथे ट्रॅक्टर बघायला गेलो.

कोल्हापूरहून आलेली आमची गाडी लोणावळ्याला पोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं. फलाटावर धुकं होतं. कानटोप्या घातलेली एक सहल आमच्यासोबत उतरली आणि उतरल्या उतरल्या फोटो काढू लागली. वहिनीने स्वेटरवरून पदर ओढून घेतला आणि मला म्हणाली, "वन्सं, आधी चहा, मग खंडाळा." तिला फिरायला आल्यासारखं अजिबात वागायचं नव्हतं.

हा प्रवास का करावा लागला ते आधी सांगते. आजऱ्याजवळ आमचं गाव. तिथे माझ्या थोरल्या भावाने, दादाने, डोंगरउतारावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली होती आणि खाली भाताची खाचरं (बांध घातलेली शेतं) होती. लाकूड विकण्याजोगं झाल्यावर त्याने ट्रॅक्टर घेतला. विकणाऱ्याने सांगितलं, ओढकाम करायचं तर जितकी मोठी गाडी तितकी चांगली. गेल्या उन्हाळ्यात उतारावरून ओंडका ओढताना त्या मोठ्या गाडीची पुढची चाकं उचलली गेली, ती मागच्या चाकांवर उभी राहिली आणि पाठीवर पडली. दादा खाली होता.

गावाने त्याला नशीब म्हटलं. वहिनीने तो ट्रॅक्टर मिळेल त्या भावाला काढून टाकला. पण उतारावरचं लाकूड उभंच होतं, खाचरंही होती, आणि खाचरातली चिखलणी (लावणीआधी चिखल करायचं काम) ती स्वतः ट्रॅक्टर चालवून करत आली होती. काही महिन्यांनी तिने मला फोन केला. मावळात जमिनी विकल्यामुळे लहान, चारही चाकांना जोर असलेले ट्रॅक्टर पडून आहेत, असं तिने ऐकलं होतं. मी सोबत यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी शाळेत रजा टाकली.

खंडाळ्याचा ट्रॅक्टर एका बंगल्यात होता. मागे दरी, पुढे हिरवळ आणि मधोमध तो उभा. लाल, चकचकीत, बॉनेटवर आदल्या दिवशीच्या वाढदिवसाचे फुगे अजून बांधलेले. बंगल्याची देखभाल करणाऱ्या माणसाने सांगितलं की पाहुण्यांच्या मुलांना फेरी मारायला साहेबांनी तो घेतला होता, आता मुलांना त्याचा कंटाळा आलाय. वहिनी वाकून खालून बघत होती. टायर हिरवळीवर चालणारे, गुळगुळीत. चाकं जवळजवळ आणि गाडी वजनाला हलकी. उतारावर आडवी घातली तर हीच आधी कलंडेल, असं ती मला हळूच म्हणाली. तेवढ्यात मुंबईहून साहेबांचा फोन आला. माझ्याशी दोन वाक्यं बोलून ते म्हणाले, घरातल्या एखाद्या पुरुषाला फोन द्या, म्हणजे नीट बोलता येईल. मी म्हटलं, तो असता तर आम्ही आलो नसतो. आणि फोन ठेवला.

तिथून वडगावला जायचं होतं. दुपारच्या वेळी लोकल नव्हती, हे आम्हाला फलाटावर जाऊन बसल्यावर कळलं. बाकावर बसून घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि शेवटी एसटी पकडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे खुंट आणि त्यांच्या मधेच प्लॉट विक्रीचे फलक.

वडगावात जुन्या ट्रॅक्टरचा व्यवहार करणाऱ्याचं आवार मोठं होतं. माणूस गोड बोलणारा. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, उसाचा रस मागवला आणि आवारातल्या सर्वांत मोठ्या ट्रॅक्टरसमोर नेऊन उभं केलं. ओढकाम करायचं ना, मग हाच घ्या. अगदी तेच वाक्य. वहिनीचा चेहरा मी पाहिला. तिने शांतपणे विचारलं, मागे जड ओंडका लावला तर याची पुढची चाकं उचलतील का, पुढे वजनं लावलीत का, सीटमागे लोखंडी कमान का नाही. कमान म्हणजे गाडी उलटली तरी चालवणाऱ्यावर येऊ नये म्हणून लावतात ती चौकट. त्याने हसून हात झटकले.

"अहो ताई, ड्रायव्हर पक्का असला की कुठलीच गाडी उलटत नाही."

वहिनीने रसाचा भरलेला ग्लास खाली ठेवला आणि चालायला लागली. तो मागून आला. गिऱ्हाईक जातंय म्हटल्यावर त्याने मळवलीच्या एका आबांचं नाव आणि घराची खूण सांगितली. तिथे लहान गाडी आहे, कमानीसकट, म्हणाला. सौदा जमला तर मला विसरू नका, हेही म्हणाला.

मळवलीला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. समोर लोहगड आणि विसापूर, पायथ्याशी खाचरं आणि खाचरांच्या मधून नव्या बंगल्यांच्या भिंती. आबांचं घर एका अशाच भिंतीला लागून होतं. डोंगराकडची जमीन त्यांनी विकली होती आणि विकत घेणाऱ्याने झाडं काढून ती पूर्ण उघडी केली होती. आंब्याच्या सावलीत ट्रॅक्टर उभा होता. लहान, बुटका, पुढच्या चाकांनाही जोर असलेला, नाकावर लोखंडी वजनं आणि सीटमागे कमान. वहिनी वर चढली, सुरू केला. आवारात पडलेला एक ओंडका आबांनी मागे बांधून दिला. तिने तो चढावर ओढला, थांबली, पुन्हा ओढला. पुढची चाकं जमीन सोडत नव्हती. दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

मग उतरून तिने कमानीवरून हात फिरवला. एका बाजूला रंग ताजा होता आणि रंगाखाली लोखंड किंचित वाकलेलं होतं. तिने विचारलं, हे कसलं? आबा म्हणाले, टेम्पोत चढवताना लागलंय.

"आबा, खोटं नका बोलू," ओसरीवरून आवाज आला.

तिथे तिशीचा एक माणूस बसला होता. शेजारी कुबड्या. उजवा पाय गुडघ्याच्या वरून नव्हता. आबांचा मुलगा, दत्तू. "ह्याच्याखाली मीच गेलतो," तो म्हणाला. विकलेल्या जमिनीवरची झाडं काढून द्यायचं काम त्याने घेतलं होतं. उतारावर आडवं जाताना चाक एका बुंध्यावर चढलं आणि गाडी कुशीवर गेली. कमान जमिनीत रुतली म्हणून गाडी पूर्ण उलटली नाही. पट्टा बांधला नव्हता म्हणून तो सीटवरून फेकला गेला आणि पाय अडकला. हे सगळं त्याने दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. त्याची बायको चहा घेऊन आली, तिने कुबड्या बाजूला सरकवल्या आणि कप त्याच्या हातात दिला.

मी त्याला आमच्या दादाचं सांगितलं. तो वहिनीकडे वळला.

"ताई, साखळी कुटं लावलेली मालकांनी?"

"गाडीमागच्या वरच्या दांड्याला. ओंडक्याचं तोंड मातीत घुसू नये म्हणून."

दत्तूने कप खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "खालच्या हुकाला लावायची असती, ताई. वर लावली की गाडी मागंच येती. लहान असू दे न्हाईतर मोठी."

वहिनी ओसरीच्या पायरीवर बसली. इतके महिने ती त्या मोठ्या गाडीला शिव्या देत होती. गाडीचा दोष होताच, पण तेवढाच नव्हता, हे तिला परगावच्या ओसरीवर कळलं. नवी गाडी देताना दुकानदाराने दादाला हार घातला होता, पेढे वाटले होते, फोटो काढला होता. साखळी कुठे लावायची हे सांगायला त्याला वेळ मिळाला नव्हता.

आबा मुलावर चिडले. अपघाताची गाडी आता कोण घेणार, असं काहीतरी पुटपुटत आत जाऊ लागले. वहिनी उठली.

"मी घेते, आबा. वाकलेली कमान तेवढी काढा, नवी बसवून द्या. आन् पट्टा."

आबांना वाटलं, ती चेष्टा करतेय. मलाही कळलं नाही. परतताना मळवलीच्या फलाटावर मी विचारलं, हाच का? ती रुळांकडे बघत म्हणाली, "वन्सं, तिनं चहा दिला आन् त्यानं हात पुढं केला. एवढंच बघितलं मी."

दत्तूची बायको माझ्या वहिनीहून लहान होती, तिच्या पदरी उरलेलं आयुष्य सोपं नव्हतं, आणि तरीही माझ्या वहिनीला तिचा हेवा वाटत होता. ते बघवत नव्हतं.

काही आठवड्यांनी टेम्पोतून ट्रॅक्टर गावी आला. मीही त्या दिवशी गेले. बघायला गर्दी जमली. दादाचा एक मित्र न विचारताच सीटवर चढून बसला, वहिनीने त्याला उतरायला सांगितलं. कुणीतरी मागून म्हणालं, नशिबात असेल ते चुकत नाही, कुठलीही गाडी आणा. तिने वळूनही पाहिलं नाही.

उतारावर दादाने तोडलेला ओंडका अजून तिथेच पडला होता, त्याच्या एका बाजूने गवत उगवलेलं. वहिनीने साखळी खालच्या हुकाला अडकवली, पट्टा बांधला आणि सरळ उताराने गाडी घेतली. मला बघायचं नव्हतं, पण मी बघितलं. ओंडका गवतातून सुटला, मातीत थोडा घासला आणि तिच्या मागोमाग निमूटपणे खाचरापर्यंत खाली आला. तिने गाडी बंद केली.

वरचा दांडा आणि खालचा हूक यांच्यात जेमतेम हातभर अंतर असतं. ती उतरल्यावर मी ते जवळ जाऊन पाहिलं. इतकं सोपं होतं ते.