धुळ्याला भांडायला जाणारे सर

“तुम्ही धुळ्याला निघालात का? मला तिथे भांडायला जायचंय.”

भंगाळे सर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. जळगावात आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ते वर आणि मी खाली, पण तोवर ओळख जिन्यात मान हलवण्यापुरतीच. मी ठिबकचे पाइप विकतो. दर शुक्रवारी पिकअपमध्ये नळ्यांची भेंडोळी भरायची आणि एरंडोल, पारोळा करत धुळे गाठायचं, हा माझा धंदा. त्या दिवशी ऊन असं होतं की हायवेचं डांबर रटरटत होतं आणि एक टिटवी पाय पोळले म्हणून माझ्या गाडीत बसून पारोळ्यापर्यंत आली. मी फुगवून सांगतो असं लोक म्हणतात. ठीक आहे, एरंडोललाच उतरली असेल. याहून कमी करता येणार नाही.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, काखेत कापडी पिशवी. भंगाळे म्हणजे मूळ फैजपूरकडचे, केळीवाले. मला वाटलं, बांधाचं प्रकरण असणार. मी विचारलं, “सर, वकील केलाय का?”

“वकील कशाला? मेणबत्तीचं भांडण आहे.”

मग एरंडोल येईपर्यंत त्यांनी मला भांडण समजावलं, आणि पारोळा येईपर्यंत मी ते समजल्यासारखं तोंड केलं.

सर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. पण त्यांचा खरा मुक्काम जळगावात नव्हताच. तो होता तीनेकशे वर्षांमागच्या लंडनमधल्या नाटकघरात. तिकडे मधे बरीच वर्षं नाटकं बंद होती. मग परागंदा झालेला राजा परत आला, नाटकघरं पुन्हा उघडली, बायका पहिल्यांदा स्टेजवर उभ्या राहिल्या. तिथून पुढची शंभर-सव्वाशे वर्षं म्हणजे सरांचं गाव. त्या गावात त्यांना दारन् दार ठाऊक. नटी कुठल्या दारातून यायची, सरदाराची पोरं स्टेजवरच खुर्च्या टाकून कशी बसायची, तिसरा अंक संपला की अर्ध्या पैशात आत कसे सोडायचे, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र लंडनला कधी गेले नाहीत. जळगावच्या भाजीबाजारात हमखास चुकायचे आणि मेथी आणायला गेलेले सर दाणाबाजारातून तूरडाळ घेऊन परत यायचे.

बायको फार लवकर गेली. मूलबाळ नाही. वर्गातल्या पोरांना बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या. भाऊ फैजपूरला केळी सांभाळायचा आणि सर गेले की विचारायचा, “आबा, तुह्या त्या नाटकवाल्यांचं काय झालं?” आणि उत्तर यायच्या आत मोटर चालू करायला निघून जायचा. वरून कधी कधी सरांचा आवाज मला खाली ऐकू यायचा. पाहुणे आलेत असं वाटून एकदा वर गेलो, तर सर कुकरसमोर उभे राहून त्याला काहीतरी पटवून देत होते. तिसऱ्या शिट्टीला म्हणाले, “ह्यालाही पटत नाही.”

अख्ख्या खानदेशात ह्या विषयातली माणसं दोन. दुसरे धुळ्याचे अन्सारी सर. तेही निवृत्त, तेही इंग्रजीचे. घरचे यंत्रमाग, मागे लूमची शेड, पुढे दोन खोल्या आणि त्यातली एक पुस्तकांनी खाल्लेली. शुक्रवारी लूम बंद, म्हणून भंगाळे सर मग दर शुक्रवारी माझ्याच गाडीने येऊ लागले. नमाज आटपून अन्सारी सर शेडच्या दारात दोन खुर्च्या टाकून बसायचे, आणि आमची पिकअप वळली की चष्मा पुसायला घ्यायचे. जसा पैलवान दंड चोळतो तसा.

भांडण असं. त्या नाटकघरात सगळा उजेड मेणबत्त्यांचा. मेणबत्त्या चरबीच्या. त्यांची वात जळून वाढते, वाकते, धूर धरते, म्हणून कात्री घेऊन एक माणूस ती कापायला यायचा. आता हा माणूस यायचा कधी? भंगाळे सर म्हणायचे, ऐन प्रसंगात. राजा मरतोय, राणी रडतेय, आणि हा मधून चालत जाऊन वात कापतोय. अन्सारी सर म्हणायचे, शक्य नाही, लोक हसले असते. तो दोन अंकांच्या मधेच येणार.

“जनाब, पुरावा?” अन्सारी सर बोट वर करायचे.

“पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही का?”

“माझ्या घरात तरी नाही घडलं. चहा घ्या.”

एवढ्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काढली. मला विचाराल तर दोन देशांची युद्धं याहून लवकर मिटली आहेत. पण एक गोष्ट मी पाहिली. जळगावात जिन्यात भेटणारे सर आणि त्या खुर्चीतले सर हे दोन वेगळे इसम होते. जिन्यातले सर बोलताना समोरच्याचं घड्याळ बघायचे. खुर्चीतले सर मांडीवर थाप मारायचे.

गाडीत ते माझ्यावर सराव करायचे. मी अन्सारी सर व्हायचं, त्यांनी मला हरवायचं. मी फार लवकर हरायचो म्हणून ते वैतागायचे. “महाजन, तुम्ही पाइप विकता तेव्हा गिऱ्हाईक एवढ्यात मान्य करतं का? जरा नडा की.” आणि मी पाल्हाळ लावलं, म्हणजे माझ्या एका नळीतून पाण्याऐवजी चक्क उसाचा रस आला वगैरे सांगायला लागलो, की शांतपणे म्हणायचे, “वात कापा, महाजन.”

एका शुक्रवारी अन्सारी सर म्हणाले, “बोलून खूप झालं. करून बघू.”

ठरलं. बाजारातल्या मेणबत्त्या चालेनात, कारण त्यांची वात आपली आपणच जळून जाते. हव्या होत्या चरबीच्या. अन्सारी सरांच्या मावसभावाचं मटणाचं दुकान, तिथून चरबी आली. वातीसाठी कापूस भंगाळे सरांच्या भावाच्या शेतातून. साचे माझे, पाइपाचे तुकडे कापून. माळकरी सर नाकाला रुमाल लावून, डोळे मिटून चरबी ढवळत होते, आणि अन्सारी सर म्हणत होते, “भंगाळेसाहेब, विज्ञानासाठी माणूस काय काय करतो. तुम्ही निदान डोळे तरी उघडे ठेवा.”

पण दोन विद्वान आणि एक पाइपवाला मिळून एक गोष्ट विसरले. लंडनची मेणबत्ती आम्ही मे महिन्यात धुळ्यात उभी केली होती. काडी लावायच्या आधीच मेणबत्त्या कमरेत वाकल्या. सगळ्या एका दिशेला, रांगेने. मग हळूहळू आडव्या झाल्या. अर्ध्या तासात शेडमध्ये मेणबत्ती म्हणून काही राहिलं नाही, फक्त मुंग्या, आणि त्यासुद्धा अशा की दोन मिळून एक वात उचलून नेत होत्या. मग अन्सारी सर म्हणाले, “थंडीत.”

“थंडीत,” भंगाळे सर म्हणाले. आणि जाताना गाडीत शीळ घालत होते. तेव्हा मला कळलं नाही की प्रयोग फसल्यावर माणूस शीळ का घालतो.

धुळ्याची थंडी बोचते. पौषातल्या शुक्रवारी शेडच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला, लूमच्या मधली जागा मोकळी केली, तारेवर मेणबत्त्या बसवल्या. बघायला लूमचे कामगार आणि गल्लीतले चार जण. मरणारा राजा मी. माझी निवड का झाली ते सांगायला नको. सरांनी माझ्याकडून इंग्रजी चार ओळी पाठ करून घेतल्या होत्या, त्या संपल्यावर मी ठिबकच्या जाहिरातीतलं इंग्रजी जोडलं. कात्री भंगाळे सरांच्या हातात. अन्सारी सर घड्याळ घेऊन खुर्चीत.

मी मरायला सुरुवात केली. अजून गुडघ्यावरही आलो नव्हतो तोच वाती काजळल्या, वाकल्या, धूर खाली उतरला. मागून एक कामगार म्हणाला, “डावा हातनी वात धूर करी ऱ्हायनी, भाऊ.”

सर पुढे आले. माझ्या डोक्यावरून हात घालून त्यांनी ती वात कापली. नीट, एकाच कापात. उजेड पुन्हा उभा राहिला. कोणी हसलं नाही. उलट पुढच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, सरांसाठी. हसले ते नंतर, मी परत मरायला लागल्यावर. “हाऊ राजा कव्हय मरी?” मरणार कधी म्हणून एकाने विचारलं आणि अख्खी शेड हसत सुटली. मी चार वेळा मेलो. सरांना प्रत्येक वेळी मधे यावं लागलं, आणि प्रत्येक वेळी लोक माझ्याकडे न बघता वातीकडे बघत होते.

अन्सारी सर उठले. घड्याळ खिशात ठेवलं, दोन्ही हात पुढे केले. “भंगाळेसाहेब, मी हरलो. ऐन प्रसंगातच कापत असणार. मुबारक.”

सरांनी हात हातात घेतले. तोंडावर मात्र असं काही होतं की जणू कोणी त्यांच्या घराला कुलूप लावून किल्ली त्यांनाच भेट दिली आहे. परतताना पारोळा गेलं, एरंडोल गेलं. मी उसाच्या रसाची गोष्ट मुद्दाम पुन्हा काढली. त्यांनी वात कापायलाही सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. भांडण संपलं, आता काय काम? पण मी भेंडोळी चढवत होतो तेवढ्यात पिशवी घेऊन खाली आले. डोळे लाल, पण चालण्यात जोर. धुळ्यात उतरताच उभ्या उभ्या म्हणाले, “अन्सारीसाहेब, तो प्रयोग धरता येत नाही.”

“का?”

“कापूस आपला होता. त्यांच्याकडे वातीला कुठला कापूस, त्याला पीळ किती, काय माहीत? शिवाय पोत्यांतून वारा येत होता. शिवाय हे महाजन. ह्यांच्यासमोर लोक वातीकडेच बघणार, दुसरं बघण्यासारखं होतं काय?”

अन्सारी सरांनी चष्मा काढला. सरांकडे नीट बघितलं. मी पाइप विकणारा माणूस आहे, कोण खरं बोलतंय हे कळल्याशिवाय आमचा धंदा होत नाही. त्या बघण्यात सगळं कळल्याचं मला दिसलं. मग चष्मा परत लावून ते म्हणाले, “बरोबर. मग मी हरलोच नाही.”

“अजिबात नाही.”

“मग बसा. आणि मला सांगा, जनाब, पुरावा?”

सरांनी मांडीवर थाप मारली. मी बाहेर जाऊन पाइप मोजत बसलो, म्हणजे मोजायला काही नव्हतं तरी.

त्या पावसाळ्यात अन्सारी सर गेले. झोपेतच. आम्ही पोचलो तेव्हा शेडच्या दारात माणसांच्या चपला होत्या आणि त्या दोन खुर्च्या कोणीतरी आत नेऊन ठेवल्या होत्या. अन्सारी सरांच्या पत्नी पडद्याआडून म्हणाल्या, “भाऊ, शुक्रवारी येत जा. ते तुमची वाट बघायचे, आता आम्ही बघू.” भंगाळे सर तसे काही शुक्रवार तिथे जातही राहिले. चहा यायचा, सर प्यायचे, कप ठेवायचे. त्या माउलीला मेणबत्तीचं काय सांगणार? मुलाने शेड भाड्याने दिली, नव्या माणसाने शुक्रवारीही लूम चालू ठेवले. खडखडाटात सर आणखी थोडे बसले आणि मग जायचे थांबले. गाडीत मी अन्सारी सर व्हायला तयार होतो. मी म्हटलंही, “सर, आता मी नडतो, चांगला नडतो.” ते म्हणाले, “तुम्हाला लवकर पटतं, महाजन.”

वर्षाने धुळ्याच्या एका कॉलेजने अन्सारी सरांच्या नावाने चर्चासत्र ठेवलं. भंगाळे सरांना बोलावलं. त्यांनी महिनाभर तयारी केली. हॉल भरलेला होता, पुण्या-मुंबईकडचे प्राध्यापक आलेले. मी दाराशी उभा. सर बोलायला लागले आणि मी कान टवकारले. सर सांगत होते की वात दोन अंकांच्या मधेच कापली जाई. ऐन प्रसंगात कोणी येणं शक्यच नाही, लोक हसले असते. अन्सारी सरांचं म्हणणं, अन्सारी सरांसारखं बोट वर करून. आपल्या आयुष्यभराच्या मुद्द्याच्या त्यांनी चिंधड्या केल्या. अधूनमधून थांबून समोर बघायचे आणि मग थोडं अजून चुकीचं बोलायचे. शेवटी शेवटी तर ते असं काही सांगत होते की मलाही ते खोटं असल्याचं कळत होतं, आणि खोट्यातलं मला कळतं.

अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही शंका? सरांनी टेबलाची कड धरली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हलले, तसे सर त्यांच्याकडे वळले. ते गृहस्थ खिशातून रुमाल काढत होते. मग टाळ्या झाल्या, शाल झाली, नारळ झाला.

मला वाटलं, दोस्ताचं मन राखलं. गाडी पारोळ्याच्या पुढे आली तेव्हा मी म्हणालो, “सर, अन्सारी सर खूश झाले असते. तुम्ही त्यांचीच बाजू मांडली.”

नारळ मांडीवर होता. सर बाहेर कपाशीकडे बघत होते.

“त्यांच्यासाठी नाही मांडली, महाजन,” ते म्हणाले. “अर्धा तास धडधडीत चुकीचं बोललो. वाटलं, एवढ्या माणसांत एक तरी हात वर येईल.”