आता मांगून सांग

"बरं. आता हेच मांगून सांग."

कुणाचा जबाब संपला की आमचे जमादार एवढंच म्हणत आणि सुपारी कातरायला घेत. मांगून म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे. ठाण्यात जबाब लिहून घ्यायचं काम माझं. त्यांच्या या वाक्यापायी माझे कागद दुप्पट खर्च होत. कोंबडी चोरीला गेली म्हणून आलेल्या एका म्हातारीलाही त्यांनी हेच सांगितलं. ती म्हणाली, "मांगून सांगतलं त कोंबडी वापस येते का?" जमादार खळखळून हसले आणि कोंबडी शोधायला स्वतः तिच्यासोबत गेले.

तुम्ही टेबलावर दांडा आपटणारे पोलीस पाहिले असतील. यांचा आवाज कधी चढलाच नाही. म्हणूनच की काय, त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला घाम फुटे.

केनवडकडच्या एका गावात भरदुपारी एका बाईचा खून झाला. नवरा पाहुणपणाला गेलेला. घरी ती आणि मुलगा सुनील. सुनीलने सांगितलं, "मी वावरातून आलो. दार उघडं व्हतं. माय चुलीपाशी पडून व्हती, सालदार तिच्यापाशी उभा. मी वरडलो. लोक जमा झाले."

सालदार म्हणजे त्यांचा वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. त्याच्या सदऱ्याला रक्त होतं. तो रडत म्हणे, "मी तं वरडनं ऐकून आलो, सायेब. मायबाईले उचलाले गेलो." पण गावाने निकाल देऊन टाकला होता. सालदार कोठडीत गेला.

जमादारांनी सुनीलला तीन दिवस रोज बोलावलं. रोज मी नव्याने लिहिलं. तिसऱ्या दुपारी त्यांनी तिन्ही कागद शेजारी ठेवायला लावले. शब्दाला शब्द तोच. 'माय' म्हणून तो थांबे, आवंढा गिळे, खिडकीकडे बघे. तेही तिन्ही दिवस तसंच, त्याच जागी. बाहेर ऊन रणरणत होतं आणि माझ्या अंगावर काटा आला.

"आठवनारा मानूस चुकते, अडखळते," जमादार हळूच म्हणाले. "हा पाठ म्हनून राह्यला."

मग त्यांनी सुनीलला आत घेतलं.

"आता हेच मांगून सांग."

"लोक जमा झाले."

"त्याच्या अगोदर?"

"मी वरडलो."

"त्याच्या अगोदर?"

"हात धुतले."

माझा पेन थांबला. सुनीलही थांबला. स्वतः जे बोलला ते त्याने जणू आमच्याबरोबरच ऐकलं. टेबलावरचे दोन्ही हात त्याने सावकाश खाली, मांडीवर नेले.

"काहून धुतले रे बापू?" जमादारांनी विचारलं.

संध्याकाळच्या आत त्याने विहीर दाखवली. गाळातून वरवंटा निघाला. कारण विचारलं तर म्हणाला, "माय रोज विचारे, घरी कवा येशीन. रोज." त्याहून जास्त काही तो शेवटपर्यंत बोलला नाही.

सालदार सुटला. कुणाकडेही न बघता चालता झाला.

दोन दिवसांनी सुनीलचे वडील आले. जमादारांसमोर बसले. मग म्हणाले, "तुमचं खरं निघालं, जमादार. पन मले आता घरी कोनी नाही."

 त्या दिवशी जमादारांचा डबा तसाच राहिला.

पुढे ते निवृत्त झाले आणि मागच्या वर्षी वारलेही. पण मला ते आठवतात ते एका वेगळ्याच दुपारी. सुनील तुरुंगात असताना समन्स द्यायला मी त्याच्या गावी गेलो होतो. सोयाबीन सोंगणी चालू होती. एका वावरात बनियन घातलेला माणूस एकटाच विळा चालवत होता. जवळ गेलो तर जमादार. मी काही विचारणार, तेवढ्यात वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून सुनीलच्या वडिलांची हाक आली.

"सुनील, पानी पेऊन घे रे!"

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. विळा खाली ठेवला, कपाळाचा घाम पुसला.

"आलो, बाबा," ते म्हणाले.