अप्पांसाठी टी-शर्ट निवडताना

उन्हाळ्यासाठी टी-शर्ट घ्यायचा असेल तर दुकानातच त्याची आतली बाजू बाहेर काढावी आणि पाण्याचा एक थेंब टाकून बघावा. थेंब मण्यासारखा वर उभा राहिला तर तो शर्ट परत द्यावा. थेंब मुरून एकाच जागी गडद डाग पडला तरी नको, कारण असं कापड घाम पितं आणि तसंच ओलं राहतं. थेंब पसरत पसरत दिसेनासा झाला तर घ्यावा. आज कापडाच्या दुकानातला कोणीही हे सांगेल. मी हे शिकले तेव्हा आमच्याकडं सांगणारं कोणी नव्हतं. केबल टीव्ही नुकताच घाटनांदूरला पोचला होता आणि लातूरच्या बाजारात दर महिन्याला काही ना काही नवं दिसायचं. मी लातूरला शाळेत शिकवत होते, सासरही तिथंच होतं. मे महिन्याची सुट्टी मात्र माहेरी, घाटनांदूरला.

आमचं भांड्यांचं दुकान. पत्र्याचं छप्पर, आत गादी, गादीवर अप्पा, माझे वडील. गिऱ्हाइकानं चपला काढून गादीच्या कडेला टेकायचं, पाणी प्यायचं, घरचं विचारायचं-सांगायचं आणि मग भांडी बघायची, अशी रीत. लग्नसराईत आंदणाच्या भांड्यांवर नावं घालायचं काम अप्पा स्वतः करत. हंडा मांडीत धरून छिन्नी आणि हातोडीनं टिंबाटिंबांनी नवरीचं नाव उमटवायचं. भावानं मशीन आणायचं म्हटलं की ते म्हणत, मशीनचं अक्षर सगळ्यांचं सारखंच येतं.

पण एप्रिल लागला की अप्पांच्या अंगावर घामोळ्या उठायच्या. जाड सुती बंडी बारा वाजेपर्यंत पाठीला चिकटायची, तिथंच वाळून कडक व्हायची, पुन्हा भिजायची. त्या वर्षी घामोळ्यांचे फोड झाले. दुपारी वीज जायची, त्यामुळं पंखा असून नसल्यासारखा. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं की एक तर अंग कोरडं ठेवा, नाही तर उन्हाळाभर दुपारचं दुकान बंद करा.

माझा धाकटा भाऊ तेव्हा दुकानात पूर्णवेळ लागला होता. त्याला गादी काढून काचेचं काउंटर करायचं होतं. गिऱ्हाईक उभ्या उभ्या बघेल, घेईल आणि जाईल. त्याचं चूक नव्हतं. बसस्टँडजवळच्या नव्या दुकानांत तेच चाललं होतं. डॉक्टरांचं ऐकून तो अप्पांना अगदी मऊपणानं म्हणाला की दुपारी तुम्ही घरी आराम करा, मी बघतो. रात्री जेवताना अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "लग्नसराईत मी घरी बसलो, तर गादीवर बसणार कोण? आन गादीवर कोणी न्हाई बसलं, तर ती ठिवायची कावून?"

एवढंच ते बोलले. दुपार गेली की गादी जाणार आणि गादी गेली की अप्पांचं दुकानात काही काम उरणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं. मला अशा वेळी रडायला येत नाही, कामाला लागायला होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी केली. अप्पांना काय पाहिजे: घाम अंगावर न ठेवणारं कापड. कॉलर, कारण बिनकॉलरीच्या कपड्यात ते गिऱ्हाइकासमोर बसणार नाहीत. हातोडी चालवायला मोकळे, अर्ध्या बाह्यांचे हात. खिसा, कारण पेन आणि नावांच्या चिठ्ठ्या. मांडी घालून बसतात म्हणून फार लांब नको. काळा किंवा गडद निळा नको, अंगावरचं भस्म उठून दिसतं. पांढराही नको, भांड्यांचं काळं लागतं.

मी लातूरला जाऊन तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या ठिकाणी जाड सुती टी-शर्ट होते, कॉलर पुठ्ठ्यासारखी. दुसरीकडं चकचकीत नायलॉन, थेंब टाकला तो घरंगळून माझ्याच चपलेवर पडला. तिसरं दुकान खेळाच्या सामानाचं. तिथल्या मालकानं खोक्यातून बारीक जाळीच्या विणीचा कॉलरचा टी-शर्ट काढला आणि म्हणाला, "मॅडम, हा पळणाऱ्या पोरांसाठी आलाय. घाम ओढून बाहेर आणतो आन वाऱ्यानं वाळवतो. कुणासाठी पाहिजे?"

मी वडिलांसाठी म्हटल्यावर तो हसला. वडील पळतात का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, बसतात. थेंब टाकला. पसरला आणि गेला. मी फिकट निळ्या रंगाचे दोन घेतले, एक अंगात नि एक वाळत, कारण असलं कापड घामाचा वास धरून ठेवतं, रोज धुवावंच लागतं. माप एक नंबर मोठं घेतलं, आत हवा खेळायला पाहिजे म्हणून. खिसा नव्हता, तो गल्लीतल्या शिंप्याकडून लावून घेतला. यादीतलं सगळं झालं.

अप्पांनी शर्ट उलटासुलटा करून बघितला. गळ्याच्या तीन गुंड्यांपाशी त्यांचा हात जरा थांबला. मला वाटलं रंग आवडला नाही. मग आत जाऊन ते घालून आले आणि आई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

त्या दिवशी दुपारी अप्पा दुकानात होते. शेजारचा बियाण्यांचा दुकानदार, त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, दारात उभा राहिला.

"काय बे, पोरगी बघाय चाललास का?"

"चाललोय. तू येतोस?"

"असला एक मला बी दे की."

"तुझ्या पोटाला दोन जोडावं लागतील."

गादीवर बसलेली तेलगावची माणसं हसली. अप्पांनी हंडा मांडीत ओढला. चार वाजता मी चहा घेऊन गेले तर त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या पाठीवर ठेवला. "बघ," म्हणाले. पाठ कोरडी होती. पुढचे काही दिवस असेच गेले. फोड सुकायला लागले. भाऊ काउंटरचं नाव काढेना. काउंटरचं माप घ्यायला आलेल्या सुताराला काहीतरी सांगून त्यानं माघारी लावलं, हे मी पाहिलं होतं, आणि मला मनातून फार बरं वाटलं होतं.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी आमच्यात कोणी कोणाला सांगत नाही, कारण ती सगळ्यांना ठाऊकच असते. आम्ही लिंगायत. अप्पांच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी असायची आणि डबीत लिंग. लहानपणी जंगमांनी, म्हणजे आमच्या घराण्याच्या गुरूंनी, ते गळ्यात बांधलं, तेव्हापासून ते अंगावरून उतरलेलं नव्हतं. आंघोळीला नाही, आजारपणात नाही. ते अंगावर नसताना खायचं नाही, प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. माझ्याही गळ्यात आहे. पण माझे ब्लाउज पुढून उघडतात. आईचे तसेच. अप्पांची बंडी, सदरा, सगळं पुढून उघडणारं. भाऊ टी-शर्ट घालायचा, पण त्यानं कॉलेजला असतानाच डबी देवघरात ठेवली होती. तेव्हा डोक्यावरून ओढायचा कपडा आणि गळ्यातला दोरा, या दोन गोष्टी आमच्या घरात कधी एका अंगावर आल्याच नव्हत्या. कॉलर, खिसा, बाह्या, रंग, वीण, सगळं मी बघितलं. शर्ट कुठून उघडतो हे बघितलं नाही.

मे अर्धा सरला असेल. वीज गेलेली, पत्रा तापलेला, गादीवर एका वऱ्हाडाची माणसं दाटीनं बसलेली. अप्पांनी लागोपाठ हंडे-कळशा केल्या. त्या उकाड्यात तो शर्टही शेवटी भिजला. दुसरा घालतो म्हणून ते मागच्या खोलीत गेले. मी तिथंच भांडी मोजून देत होते. ओलं कापड अंगाला घट्ट धरतं. त्यांनी ते डोक्यावरून ओढलं, डबीची कडी गुंडीच्या पट्टीत अडकली आणि दोरा तुटला.

आवाज फार लहान झाला. भांड्यांच्या दुकानात असा आवाज दिवसातून कितीदा होतो. पण अप्पा जागच्या जागी थांबले, अर्धा शर्ट डोक्यावर. डबी फरशीवर उघडी पडली होती, लिंग गडगडत परातींच्या चळतीखाली गेलं होतं. मी वाकले तर म्हणाले, "तू नको." स्वतः गुडघ्यावर बसून त्यांनी ते शोधलं, पाण्यानं धुतलं, तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली. मग भिंतीकडं तोंड करून बसले.

"माय, म्हाराजाला बोलव," मला म्हणाले.

आमचे जंगम धर्मापुरीचे. भाऊ एसटीडी बूथवर धावला. तिकडून कळलं की महाराज कुणाच्या तरी लग्नाला उदगीरकडं गेलेत, उद्या सकाळी परततील. दुसरे कोणी आणावेत तर अप्पा तयार होईनात. ज्यांच्या घराण्यानं बांधलं त्यांनीच बांधायचं. आम्ही त्यांना घरी आणलं. आईनं पाण्याचा तांब्या समोर ठेवला, त्यांनी तो बाजूला सरकवला. भावानं हात जोडले. जेवण नको तर नको, पण पाण्याला काय हरकत हाय, असं म्हणत तो त्यांच्या पायाशी बसून राहिला. अप्पा चिडले नाहीत. मूठ उघडून दाखवल्यासारखी करत म्हणाले, "त्याला सोडून मी कवा पाणी पेलो न्हाई. आता या वयात पेऊ?"

दिवसभर घाम गेलेला माणूस, मे महिन्याची रात्र आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. मी ओलं फडकं त्यांच्या कपाळावर, पायांवर फिरवत राहिले. तेवढं ते करू देत होते. सकाळी उन्हं वर आली तेव्हा त्यांना उठून बसता येईना, जीभ जड झाली. महाराज जीपनं आले ते धावतच आत शिरले. नवा दोरा ओवला, मंत्र म्हटला, गळ्यात बांधला आणि आपल्या हातानं पहिला घोट पाजला. महाराज मला म्हणाले की एवढं कडक राहायची गरज नव्हती. मग त्याच जीपमधून अप्पांना अंबाजोगाईला नेलं. सलाईन लावलं. जीव वाचला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या माणसाला यापुढं उन्हाळ्यात दुकान नाही.

भावानं गादी काढली ती अप्पा दवाखान्यातून परत येण्याच्या आधी. त्याला लबाड म्हणणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होता. "आक्का, गादी ऱ्हायली तर अप्पा परत जाऊन बसतील," हे त्याचं म्हणणं खरं होतं. काउंटरच्या बाजूला त्यानं अप्पांसाठी हाताची खुर्ची ठेवली. दिवाळीत अप्पा तिच्यावर एक संध्याकाळ बसले. गिऱ्हाईक उभं, अप्पा खाली बसलेले; माणसं नमस्कार करत आणि काचेकडं वळत. दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत, पुढंही नाही.

आई मला नंतर म्हणाली होती, डबी अडकंल हे मला वाटलं तुला ठावं असंल. महाराजही म्हणाले की आजकाल पोरं शर्टला पुढून पट्टी मारून घेतात. शिंप्याकडं खिसा लावायला दिलाच होता. तेव्हाच पुढून कापून गुंड्या लाव म्हटलं असतं तर त्यानं चहा पिता पिता केलं असतं. मला सगळ्यात जास्त हेच लागतं, की इतकं थोडं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी ते केलं. दुसरा शर्ट पुढून पूर्ण उघडा करून, आतून सुती पट्टी लावून, गुंड्या बसवून आणला. अप्पांनी तो मांडीवर पसरला, पट्टीवरून बोट फिरवलं. मी विचारलं, "अप्पा, पहिल्या दिवशीच तुमच्या लक्षात आलं होतं ना?"

"आलं होतं. डाव्या हातानं डबी धरायची आन उजव्यानं शर्ट वढायचा, असं करत होतो रोज. त्या दिशी हात घामानं वले होते."

"मग बोलला का नाही? मी लगेच बदलून आणला असता."

"बदलाय गेला असता तर आठ दिस लागले असते. तवर पोरानं सुताराला कामाला लावलं असतं." मग म्हणाले, "लई चांगलं केलंस हे. पर आता दुपारच्याला मी घरीच असतो. उघडाच बसतो."

त्यांनी शर्टाची घडी घातली, नीट, बाह्या आत दुमडून, दुकानदारानं घालावी तशी, आणि माझ्या हातात दिली. बाहेर लग्नाच्या जीपा भोंगे वाजवत बाजारकडं चालल्या होत्या. अप्पांनी पंख्याखाली चटई ओढली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.