क्लृप्तीबाज बुवा

"नुसतं गाणं कोण ऐकतो हो, मास्तर?"

कीर्तनाला उभं राहण्यापूर्वी आमचे बुवा उपरणं झटकून हे हमखास म्हणायचे, आणि माझं डोकं तिथंच फिरायचं.

साऱ्या रत्नागिरीत त्यांना क्लृप्तीबाज म्हणत. या शब्दाचा अर्थ कोशात शोधू नका. अडचणीत सापडलेला माणूस क्लृप्ती लढवतो, त्यात गैर काही नाही. अडचण नसताना जो लढवतो आणि लढवून अडचणीत येतो, तो क्लृप्तीबाज. द्रौपदीच्या आख्यानात त्यांनी तुळईवरून लुगडी सोडली. ती तबलजीच्या डोक्यावर पडली. तो बिचारा आतूनच ठेका धरून राहिला.

अखेर देवळाच्या पंचांनी बजावलं, "बुवा, या रामनवमीला भानगड झाली, तर पुढल्या वर्षी चिपळुणाहून दुसरे बुवा आणू."

बुवांचा चेहरा उतरला. रामजन्माचं कीर्तन त्यांच्याकडे वडिलांपासून चालत आलं होतं.

तरी या गृहस्थांनी पाळण्याला काळी दोरी बांधलीच! बाराच्या ठोक्याला पाळणा आपोआप हलणार. दोरीचं दुसरं टोक बुवांच्या पायाच्या अंगठ्यात. पण पाळणा सजवणाऱ्या बायकांना सुरंगीच्या फुलांचे वळेसर बांधायला दोरी कमी पडली. त्यांनी हीच कापून घेतली.

बारा वाजले. बुवांनी अंगठा ओढला. पाळणा ढिम्म. पुन्हा ओढला, तशी उरलेली दोरी सुळकन त्यांच्या पायाशी आली. पंच बघत होते.

बुवांनी डोळे मिटले आणि पाळणा म्हणायला सुरुवात केली. नुसता. हा गळा त्यांनी इतकी वर्षं कुठं दडवला होता, देव जाणे. पाळणा हलवायला उठलेल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

"पुढल्या वर्षीही तुम्हीच, बुवा," पंच म्हणाले.

मी मात्र चिडलो होतो. "एवढा गळा असताना दोरी कशाला हो?"

"मास्तर, गळ्याला कफ होतो. दोरीला होतो काय?"

"पण कापली ना बायकांनी दोरी!"

"म्हणून तर पुढच्या खेपेला तार लावणार!"

मी हात जोडले.

त्या पावसाळ्यात त्यांचा गळा खरंच गेला. दिवाळीनंतर ते बोटीनं मुंबईला मुलीकडे औषधपाण्यासाठी गेले. शिमग्याच्या आधी नुसतं पत्र आलं, वरच्या कोपऱ्यात 'अशुभ' लिहिलेलं.

रामनवमीला चिपळूणचे बुवा आले. गळा उत्तम, आख्यान शुद्ध. बाराला पाळणा हलला, गुलाल उडाला, कुणाच्या डोक्यावर काही पडलं नाही. मला इतका कंटाळा आला, की सुंठवडा न घेताच मी घरी आलो.