सिमेंटच्या सात गोण्या कमी पडल्या

"साहेब, हे बिल खोटं हाय," सरपंच यमुनाबाई उभ्या राहून म्हणाल्या.

त्या वेळी मी तेच बिल पडद्यावर दाखवून त्याची तारीफ करत होतो. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंही होतं, 'आदर्श बिल'.

मी लेखा विभागातून निवृत्त झालोय. हल्ली जव्हारला सरपंच आणि सदस्यांचं ट्रेनिंग घेतो. गावाचा पैसा कुठून येतो, कुठे जातो, सही करण्याआधी काय बघायचं, एवढंच शिकवतो. बिल तपासण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा माझा समज होता.

बिल यमुनाबाईंच्याच ग्रामपंचायतीचं होतं. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर सिमेंटचा रस्ता झाला होता, त्याचं. फाइल मला त्यांच्या ग्रामसेवकांनीच, म्हणजे भाऊसाहेबांनी, अगदी कौतुकाने आणून दिली होती. लांबी पन्नास मीटर, रुंदी दोन मीटर, जाडी दहा सेंटीमीटर. सिमेंट ऐंशी गोण्या. सोबत एम.बी., म्हणजे मोजमाप पुस्तिका. इंजिनिअरने जागेवर जाऊन जे मोजलं ते तिच्यात लिहायचं असतं. तीही बिलाशी तंतोतंत जुळत होती. आणखी काय पाहिजे माणसाला?

"बाई, बेरीज मी दोनदा केलीय," मी जरा फुशारकीनेच म्हटलं.

"बेरीज बरोबर असंल. पण गोण्या ऐंशी नाय. तेहतीसच आल्या."

"तुम्ही मोजल्या?"

"मोजल्या काय? वाटल्या ना मी!"

मला काही कळेना. मग बाईंनी मलाच ट्रेनिंग दिलं. पाड्यावर सिमेंटची रिकामी गोणी कुणी फेकत नाही. ओढ्यावर धुवायची, उसवायची, जमतील तशा जोडून शिवायच्या आणि पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून पडवीला बांधायच्या. नागली, म्हणजे नाचणी, भरायलाही तीच. म्हणून काम संपलं की रिकाम्या गोण्या घरटी एक अशा वाटून टाकतात. पाड्यात घरं चाळीस. सात घरांना गोणी मिळालीच नाही.

"सात बाया माझ्या दारात भांडायला आल्या, साहेब. सरपंच आपल्याच माणसांना देते म्हणाल्या. एक तर माझी सख्खी नणंद. ती अजून माझ्याशी बोलत नाय!"

अख्खा हॉल हसला. मीही हसलो. मग मागच्या खुर्चीतले भाऊसाहेब दिसले. ते एकटेच हसत नव्हते.

त्याच संध्याकाळी या बिलाचं पेमेंट टाकायचं ठरलं होतं. ग्रामपंचायतीचा पैसा हल्ली ऑनलाइन जातो. त्याला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. ती सही एका डोंगलमध्ये असते, दिसायला पेनड्राइव्हसारखा. बाईंचा डोंगल होता कुठे? भाऊसाहेबांच्या बॅगेत! बऱ्याच ठिकाणी तो तिथेच नांदतो. पैसे गेले असते आणि पुढे ऑडिटमध्ये घोळ निघाला असता, तर वसुली बाईंच्या नावावर लागली असती. निवडून येईपर्यंत ठाण्याला बांधकामावर मजुरी करणारी बाई. ती कुठून भरणार? आणि त्या बिलाला आदर्श म्हणणारा शहाणा मीच.

"सर, मार्च एंड आहे," भाऊसाहेब उठले. "पेमेंट अडलं तर निधी परत जाईल. मग पाडा बाईंनाच शिव्या घालेल."

ही धमकी मी नोकरीभर ऐकलीय. खोटं कशाला बोलू, काही वेळा दिलीही आहे. मोबाइलवर निधीचं पत्र काढून वाचलं. पुढच्या वर्षी खर्च करायची मुभा त्यात स्वच्छ लिहिली होती.

"निधी कुठेही जात नाही, भाऊसाहेब. बसा."

बाईंनी हात पुढे केला. "आणि माझा डोंगल द्या."

ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. पण सगळा हॉल बघत होता. दिला बिचाऱ्यांनी.

दुसऱ्या दिवशी जीप करून आम्ही पाड्यावर गेलो. ठेकेदार आमच्या आधीच हजर.

"रिकाम्या गोण्या मी परत नेल्या, सर. भंगारात दिल्या."

"कवा नेल्या?" यमुनाबाई कडाडल्या. "चाळीस घरांच्या बाया त्या गोण्यांवर डोळा ठेवून बसल्या होत्या. एक उडाली असती तरी चार जणी मागं धावल्या असत्या!"

त्यांनी पहार मागवली.

"अहो बाई, रस्ता सरकारी आहे. असा फोडता येत नाही!" ठेकेदार आडवा आला.

"मी पण सरकारी हाय," बाई म्हणाल्या आणि रस्त्याच्या कडेला पहार घातली. चार घावांत खाली मुरूम लागला. त्यांनी आत बोटं घालून बघितली. "दोन बोटं." मी टेप लावला. चार सेंटीमीटर. एम.बी.त दहा लिहिले होते. ते मोजमाप जागेवर नव्हे, जव्हारला चहा पिता पिता लिहिलं गेलं होतं, हे नंतर कळलं.

पेमेंट थांबलं. इंजिनिअरला नोटीस निघाली. ठेकेदाराने रस्ता उखडून स्वतःच्या खर्चाने पुन्हा केला. नवं मोजमाप ग्रामसभेसमोर झालं आणि त्यानंतरच बाईंनी स्वतःच्या हाताने डोंगल लावला.

त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "बाई, मानलं तुम्हाला. तुम्ही माझ्यापेक्षा भारी ऑडिटर निघालात."

त्या हसल्या. "कशाचं काय, साहेब! चाळीस गोण्या आल्या असत्या तर सगळ्यांना पुरल्या असत्या. मग कोण भांडलं असतं? मी पण सही केली असती."

आता ट्रेनिंगमध्ये मी आदर्श बिल दाखवत नाही. नव्या सरपंचांना एवढंच सांगतो, बिल हातात घ्यायच्या आधी पाड्यावर जा आणि कुणाचं कुणाशी कशावरून भांडण चाललंय ते विचारून या.