खडखडीत मुकादमाचा हौद

आमच्या मुकादमाला सगळे ‘खडखडीत’ म्हणत. त्याच्या हौदात पाणी आलंय का विचारलं, की तो छाती पुढे काढून म्हणे, “खडखडीत कोरडा!” हौद म्हणजे कॉफर डॅम. नदीच्या पात्रात लोखंडी पत्रे एकमेकांत अडकवून गोल ठोकायचे, आतलं पाणी उपसायचं आणि कोरड्या तळावर पुलाचा खांब उभारायचा. पत्र्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच, म्हणून पंप सतत चालू ठेवावा लागतो. हे मुकादमालाही ठाऊक होतं. पण पंपावर होता त्याचा सख्खा मेहुणा, आणि बायकोच्या भावाला श्रेय देण्याइतका उदार नवरा मी तरी पाहिलेला नाही.

“पंप काय, शोभेला आहे,” मुकादम म्हणे.

“भाऊजी, तुमच्या मोरीतला नळ वर्षभर गळतोय. ताई खाली बादली ठेवते. तीही शोभेलाच का?”

अशात मोठ्या मुकादमाची जागा रिकामी झाली. आमच्या मुकादमाचा सगळा जीव तिच्यात अडकला. मोठे साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर त्याने हौदाच्या तळाशी सतरंजी अंथरून खुर्च्या मांडल्या. साहेब शिडीवरून उतरले, बोलायला उभे राहिले. पंपाच्या धडधडीत शब्द ऐकू येईना.

“बंद कर रे तो!” मुकादम वर पाहून ओरडला.

“भाऊजी, साहेबांचं भाषण लांबतं.”

“बंद कर म्हणतो ना!”

मेहुण्याने केला. साहेब ‘चोख काम’ या विषयावर रंगात आले. सतरंजी आधी काळवंडली, मग दिसेनाशी झाली. आम्ही हिशेबाच्या खोलीतले लोक पाय वर घेऊन बसलो, टाळ्या मात्र चुकवल्या नाहीत. मोजे भिजले तेव्हा साहेब थांबले.

“हे काय?”

“आतलंच पाणी आहे, साहेब,” मुकादम म्हणाला. “बाहेरून एक थेंब नाही.”

हौद उत्तम असल्याचा शेरा साहेबांनी सकाळीच मारला होता, तोही खाली न उतरता.

“हो, आतलंच दिसतंय,” ते म्हणाले आणि बूट हातात घेऊन शिडी चढले.

मेहुण्याने कुणी न सांगताच पंप सुरू केला.

जागा आमच्या मुकादमालाच मिळाली. मेहुणा एवढंच म्हणाला, “भाऊजी, यापुढे काही बंद करायचं झालं, तर तोंडापासून सुरुवात करा.”

पगार वाढल्यावर मुकादमाच्या बायकोने मोरीत मोठी बादली आणली.