गेल्या वर्षीचं पत्र

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी गावातल्या तिन्ही चर्चच्या आम्ही बायका एकत्र प्रार्थनेला जमतो. दरवर्षी एका दूरच्या देशातल्या बायका ती प्रार्थना लिहितात, आणि जगभर तीच वाचली जाते. त्यांची पत्रंही आमच्यातलीच कुणी ‘मी’ म्हणून वाचते. गेल्या वर्षी सुलभामावशींनी वाचलं होतं, “माझी मुलगी पाणी आणायला गेली, ती अजून परतली नाही.”

यंदा देश बदलला. नवी पुस्तिका घेताना मावशींनी हळूच विचारलं, “तिची मुलगी आली का गं?”

एवढी कळवळून प्रार्थना केली होती. ती फळाला आली का, हे विचारायचं वर्षभर कुणालाच सुचलं नव्हतं.

शेवटचं आमेन झालं, बायका पांगल्या. मी दार लावायला गेले.

“राहू दे उघडं,” मावशी बाकावरूनच म्हणाल्या.